पालथ्या होडीची रेकॉर्ड

सुलभेला, म्हणजे माझ्या पत्नीलाही, मी हे कधी सांगितलेले नाही. तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. हे मात्र लपवले — आणि इतकी वर्षे लपवले की अधूनमधून माझे खोटे मलाच खरे वाटू लागले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणे सोपे जाते की काय? असेलही.

पण आधी त्या दुपारविषयी सांगू द्या. ती आठवली की अजून माझा पाय आपसूक ठेका धरतो, आणि तो अपराधाने नव्हे — आनंदाने. अवघड आहे ते हेच.

मालवणात माझ्या घरी रविवारी दुपारी काही मंडळी गाणी ऐकायला जमत. मी शाळेत मराठी शिकवत असे. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि कपाटभर तबकड्या — नाट्यपदे, ख्याल, जुनी भावगीते. गाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द मास्तरांचा, असे गावात मानले जाई. मी ते कधी नाकारले नाही.

कायतान माझा वर्गमित्र. मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. १९९८च्या नाताळात रजेवर आला तेव्हा त्याने टॉवेलात गुंडाळलेली एक रेकॉर्ड माझ्या हाती ठेवली. ब्राझीलच्या एका बंदरात, भाजीचे पोते खांद्यावर घेऊन बोटीकडे परतताना, एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्याला गाणे ऐकू आले होते. पोते खाली न ठेवता तो गाणे संपेपर्यंत तिथे उभा राहिला. मग आत जाऊन ती रेकॉर्डच विकत घेतली. तिच्या वेष्टनावर किनाऱ्यावर पालथी घातलेली होडी होती — आपल्याकडे पावसाळ्यात घालतात तशी — आणि तिच्या पाठीवर ड्रम मांडून बसलेला एक उघडाबंब तरुण. बाजूला गिटार घेतलेले तिघे.

"गाणारो जनेल म्हणता रे," तो म्हणाला. "माझी आवस खिडकेक म्हणता ना, तसाच. बायल माका हसता — जगाच्या टोकाक जावन ह्या काय हाडलंस? घरात वाजवूक मशीन नाय. तू आयक. बरी आसा काय नाय, ता तू सांग."

त्याच दुपारी मी ती लावली. शाळेला सुटी होती, सुलभा सावंतवाडीला माहेरी गेली होती. मी सुई टेकवली ती कुतूहलानेही नव्हे, मित्राचे काम म्हणून. रॉक म्हणजे आरडाओरडा, इतकेच माझे ज्ञान.

आधी नुसता ड्रम वाजू लागला. माझ्या कानाला तो ड्रम वाटलाच नाही — घुमट वाटले, मातीच्या भांड्यावर कातडे ताणलेले, आपल्या ख्रिस्ती वाड्यांत सणाला घुमते ते. मग गिटार आली, काथ्याच्या दोरीसारखी खरबरीत. आणि मग गाणारा. तो सूर गाठत नव्हता. सुराच्या जरासा खाली उभा राहून वर बघत होता. माझ्या शिस्तीत हा दोष — पण तो दोष मी श्वास रोखून ऐकत होतो. आणि अनोळखी शब्दांच्या त्या लोंढ्यात अचानक जनेल आले. पोर्तुगिजांनी मागे ठेवलेला, आमच्या स्वयंपाकघरातला शब्द, पृथ्वीच्या पलीकडच्या कुणा पोराच्या तोंडी! मी उठून उभा राहिलो. कशासाठी? कोणाला मान देण्यासाठी?

दुसऱ्या बाजूला एका गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्ये थांबतात. कोणीतरी हसते. चुकून हसले असावे. त्यांनी ते तसेच ठेवले. आणि मग सगळे एकदम परत येतात — असे, की छातीत काहीतरी उघडल्यासारखे होते. मी सुई उचलून पुन्हा त्या हसण्यावर ठेवली. पुन्हा. पुन्हा. चहा उतू गेला, त्याचा जळका वास घरभर पसरला. चाळिशी ओलांडलेला मास्तर पायाने ठेका धरत खोलीत येरझारा घालत होता. इतकी वर्षे आपण ऐकत होतो ते काय होते, आणि हे आपल्याला कोणी का सांगितले नाही? रस्त्यावर धावत जाऊन दिसेल त्याला घरात ओढून आणावे असे मला वाटत होते. या हिंदोळ्यावर कोणत्या क्षणी "हे ऐका"चे "मी शोधले ते ऐका" झाले, ते मला नेमके सांगता येत नाही. पण झाले.

पुढे एका सकाळी मासळीबाजारात कायतान भेटला. गर्दीतून वाट काढत आला. "आयकलंस?" एवढेच त्याने विचारले. त्याचा चेहरा — कसे सांगू — परीक्षेचा निकाल लागायचा असतो तेव्हाच्या मुलासारखा होता.

मी म्हणालो, "ठीक आसा रे. नुसतो गोंगाट. असल्यो तिकडे ढिगान मिळतत."

त्याने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग हसला. "माका वाटलाच. माका काय कळता त्यातला? ऱ्हवांदे तुझ्याकडेच. कपाट हलत असात तर पायाखाली घाल." आणि तो वळून बांगड्यांचा भाव करू लागला.

मी मागितली असती तर ती रेकॉर्ड त्याने तशीच दिली असती. मग वाईट कशाला म्हणायची? कारण ती चांगली ठरली, तर ती ऐकणारा पहिला कान त्याचा ठरत होता.

त्यानंतरच्या रविवारी मी ती मंडळींसमोर लावली. निवृत्त पोस्टमास्तर आप्पा म्हणाले, "मास्तर, हे डबे बडवणारे कुठून पकडून आणलेत?" दुसरी बाजू संपली तेव्हा तेच आप्पा हळूच म्हणाले, "ती हसण्याची जागा पुन्हा लावता का?" मग कोणीतरी विचारले, ही मिळाली कुठे? आणि माझ्या तोंडून तयार असल्यासारखी गोष्ट बाहेर पडली — पणजी, भुरभुर पाऊस, रद्दीवाल्याचा ढीग, आणि त्या ढिगात मला दिसलेली पालथी होडी.

गोष्ट पसरली. तारकर्लीला उतरलेले पुण्या-मुंबईचे पर्यटक रेकॉर्ड ऐकायला येऊ लागले. एका तरुणाने संगणकावर शोध घेऊन सांगितले की त्या चौघांनी ही एकच रेकॉर्ड काढली आणि ते पांगले. त्यांच्या देशातही ती फारशी कोणाला ठाऊक नव्हती. मालवणच्या एका शिक्षकाने ती हुडकली असे एका मासिकात छापूनही आले. मी किती सुखावलो, ते लिहायला संकोच वाटतो.

पुढच्या रजेवर आलेला कायतान आमच्याकडे जेवायला बसला असताना सहज म्हणाला, "बंदरात आता असल्या दुकानापुढे उभो ऱ्हवतंय, पण हात मागे घेतंय. माझो कान फसवता माका." तो हसत होता. मी त्याच्या वाटीत सोलकढी वाढली. त्या वेळी बोललो असतो तर? तेव्हा तर घरात तो, सुलभा आणि मी, तिघेच होतो.

बोटीवरची नोकरी सोडून तो कायमचा घरी आला त्यानंतरची गोष्ट. लेकीच्या लग्नातल्या रोसाचे — नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याच्या विधीचे — आमंत्रण द्यायला तो आमच्याकडे आला. रविवार होता, हे त्याच्या ध्यानात नसावे. मंडळी बसली होती आणि पालथ्या होडीची रेकॉर्ड लागली होती. तो उंबऱ्यातच थबकला. मग चपला काढून मागे भिंतीला टेकून बसला. त्या बंदरात खांद्यावर पोते घेऊन ऐकलेले ते गाणे तो त्यानंतर पहिल्यांदाच ऐकत होता. डोळे मिटलेले. जनेल आले तेव्हा त्याचे एक बोट वर झाले.

आप्पांनी त्याला अभिमानाने सांगितले, "मास्तरांचा शोध हा. पणजीच्या रद्दीतून काढली."

कायतानने माझ्याकडे पाहिले. राग नव्हता त्या नजरेत. असता तर बरे झाले असते. आमंत्रण देऊन तो निघाला, मी दारापर्यंत गेलो. चपला घालता घालता तो अगदी हळू म्हणाला — आणि त्याच्या आवाजात आनंद होता, शप्पथ सांगतो, आनंद —

"म्हणजे माका तेव्हा बराच आयकाक इला होता. माझो कान माका फसवूक नाय."

मी मान हलवली. एवढेच केले. रोसाला गेलो, त्याच्या लेकीच्या माथ्याला नारळाचा रस लावला, त्याच्या शेजारी बसून जेवलो.

त्यापुढच्या रविवारी एक नवे पाहुणे आले होते. आप्पा म्हणाले, "मास्तर, पणजीची गोष्ट सांगा यांना."

मी ती सांगितली. पाऊस या वेळी थोडा वाढवला.