ठकीच्या तोंडावर शिक्का

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंगमास्तरांचं पाकीट दिल्लीला वेळेवर पोचलं नाही, ते माझ्यामुळे. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं वाचून दया माझीच येईल. ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत त्यांच्याइतका चिवट छळवादी माणूस मी पाहिला नाही. मी कल्याणला टपालात साधा कारकून, पण ते मला 'पोस्टखातं' म्हणायचे आणि त्या खात्याचे सगळे गुन्हे माझ्या दारात आणून टाकायचे. "काय हो पोस्टखातं, तिकिटांवर नेहमी देवळं नि पुढारीच का? पोरांनी काय घोडं मारलंय?"

टपालखात्याने मुलांसाठीच्या तिकिटांची चित्रं मागवल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि आमच्या घराची शांतता गेली ती गेलीच. लहानपणच्या सहा खेळण्यांची सहा तिकिटं काढायचं त्यांनी ठरवलं. नुसत्या आठवणीतून काढणं त्यांना पाप वाटे. आमची धाकटी तेव्हा नुकती पावलं टाकू लागली होती; मास्तर तिच्या हातातून पांगुळगाडा सोडवून वर घेऊन गेले. उलट मलाच समजावलं, "तिला भिंतही चालेल हो, मला गाडाच लागतो." मग भोवरा. फिरता भोवरा एका क्षणी अगदी स्थिर दिसतो, तो क्षण त्यांना हवा होता. त्यासाठी रविवारी भर दुपारी ते आमच्या डोक्यावरच्या लाकडी फळ्यांवर भोवरा टाकत आणि तो न्याहाळायला धप्पकन पोटावर आडवे होत. आधी भोवरा, मग मास्तर, पुन्हा भोवरा. "अहो, वरचे मास्तर लहान झालेत की तुम्ही बहिरे?" बायको विचारायची. मी तणतणत वर गेलो की मास्तर पडल्यापडल्याच ओठांवर बोट ठेवत, "श्श, भोवरा झोपलाय." शिवाय घरी आलेल्या प्रत्येक पत्राच्या तिकिटाच्या कडेचे दाते मोजून ते ऐन जेवणाच्या वेळी दार ठोठावत. "पोस्टखातं, आज एक दाता कमी भरला!"

चित्रं सुरेख होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यात ठकी, म्हणजे रंगवलेली लाकडी बाहुली, जरा तिरळी होती. मास्तरांच्या लहानपणीच गेलेल्या बहिणीची ठकी तशीच होती म्हणे.

शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी ते पाकीट घेऊन माझ्या खिडकीशी आले. मागे रांग तटलेली आणि यांचा प्रश्न, "चित्रावर शिक्का नेमका कुठे बसतो हो?" मी चिडलो. "मास्तर, शिक्का मारणारा काही बघत नाही. तुमच्या ठकीचं तोंडच काळं होणार!" मागचे हसले. मास्तरांनी पाकीट उचललं आणि चालू लागले.

त्यानंतर वर काही वाजेना. सहाही चित्रं ते नव्याने काढत होते, खेळणी एका बाजूला सरकवून, शिक्क्यासाठी एक कोपरा मोकळा ठेवून. जिन्यात रोज भेटत, बोटं रंगांनी माखलेली. शेवटची तारीख मला पाठ होती. मी आठवण केली नाही. दुपारची झोप मिळत होती, आणि 'राहू द्या, पहिलंच पाकीट पाठवा' म्हटलं असतं तर पुन्हा वाद सुरू झाला असता. ते खिडकीशी आले, तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. मी पाकीट घेऊन पावती फाडली. महिन्याभराने ते परत आलं, उशिरा मिळाल्याची छापील चिठ्ठी घेऊन.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि डोंबिवलीला, कोपरच्या बाजूला, मुलीकडे राहायला गेले. वर्षभर टाळाटाळ करून एका रविवारी मी गेलो. भिंतीवर सहाही चित्रं ओळीने लावलेली होती, प्रत्येकाचा एक कोपरा रिकामा. मास्तर मुलीला कौतुकाने सांगू लागले, "हेच ते आमचं पोस्टखातं! यांनी वेळीच सावध केलं म्हणून ठकीचं तोंड वाचलं बघ. उशीर झाला तो माझ्या संथ हातामुळे."

मी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"मास्तर, शिक्का मारणारा बघतो. मी स्वतः बघून मारतो. त्या दिवशी रांगेपुढे चिडून बोललो. आणि तारीख मला पाठ होती. तुम्ही वर राबत होतात आणि मी खाली सुखाने झोपत होतो. चुकलं माझं. मला माफ करा."