शिंपीमास्तर आणि पाच बदकं

शिंपीमास्तरांना 'मास्तर' म्हणत ते केवळ धंद्यामुळे. हुकूम त्यांचा कुणावर चालत नसे. "बायकोमुलांचं सोडा, मापाची पट्टीसुद्धा ठेवल्या जागी राहत नाही," असं ते स्वतःच सांगत.

धाकट्या बहिणीची बदकीण कुत्र्याने मारली. मागे राहिली फुटायला आलेली पाच अंडी. बहीण टोपली घेऊन थेट दुकानात आली.

"दादा, तुझ्या टेबलावर दिवसभर दिवा जळतो. त्याच्याखाली ठेव."

मास्तर ठामपणे नाही म्हणाले. अर्थात अंडी राहिली.

दोन दिवसांनी टरफलं तडकली. ओली पिल्लं बाहेर आली, तर समोर मास्तरांची मान मशीनवर वरखाली होत होती. पिल्लं वाळली, पायांवर उभी राहिली. बायकोने त्यांना खाली सोडलं. मास्तर कात्री आणायला उठले, तशी पाचही चिवचिवत मागे.

"पहिल्या दिवशी जे हलताना दिसतं, तेच पिल्लांना आई वाटतं," बहीण म्हणाली.

"हा चेहरा बघून? बिचारी जन्मताच फसली!"

पण छाती फुगलीच. मास्तर विनाकारण गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागले. ते वळले की रांग वळे. 'अनुयायी मिळाले, तेही अक्कल फुटण्याआधी गाठावे लागले,' असं मनाशी म्हणत ते आणखी एक फेरी मारत.

पंख फुटल्यावर बहिणीने सगळ्यांना तळ्यावर नेलं. मास्तर काठावर थांबले, पिल्लंही थांबली.

"आई पुढे गेल्याशिवाय ती कशी उतरतील?" बहीण म्हणाली.

मास्तरांना बादलीतल्या पाण्याचीही धास्ती. पण पाच जोडी डोळे त्यांच्याकडे लागले होते. पँट दुमडून, डोळे मिटून ते गुडघाभर पाण्यात शिरले. मागून पाच वेळा डुबुक आवाज झाला. डोळे उघडले, तर पिल्लं त्यांना ओलांडून पार मध्यावर! "अरे, लांब जाऊ नका रे!" म्हणत ते पुढे झाले आणि चिखलात फतकल मारून बसले. एकाही पिल्लाने वळून पाहिलं नाही.

"चला, नोकरी सुटली," मास्तर म्हणाले. हसले खरे, पण पँट पिळून झाल्यावरही काठावरून हलले नाहीत.

बदकं बहिणीकडेच राहिली. सुट्टीच्या दिवशी मास्तर काठावर जाऊन बसतात. चार बदकं ओळखही दाखवत नाहीत. एक बदकीण मात्र जवळ येते आणि त्यांच्या शर्टाचं खालचं बटण ओढते. परवा ते तुटलंच.

"दोष तिचा नाही," चिखल चाचपत मास्तर बहिणीला म्हणाले. "शिवलं होतं मीच."