हनुवटीवरचे तीन ठिपके

पेठ नाक्याजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. टायपिंग मला डोळे मिटूनही जमतं. रंगीत प्रिंटरचं तसं नाही. तो घेऊन दोन वर्षं झाली, तरी त्याचं झाकण उघडताना अजून मनात धाकधूक होते.

त्या दिवशी दुकान उघडून तासभर झाला असेल. एक बाई आली. चाळिशीच्या आतबाहेरची, पाठीवर सॅक. पेठच्या पुढे एका पाड्यावर राहते, अंगणवाडीत काम करते, सकाळच्या एसटीने आले, असं तिने आपणहून सांगितलं. मोबाइल पुढे केला.

"ताई, ही माझी आई. वारली ती, परवा तिचे दिवस हाय. जाड कागदावर दहा फोटो पाहिजे. स्टुडिओवाला उद्या ये म्हणतो, मला पुन्हा येणं नाय जमायचं."

फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. गर्दीच्या कडेला एक म्हातारी उभी. मी तेवढाच चेहरा कापून मोठा केला. धूसर झाला, पण डोळे छान आले होते. पहिली प्रिंट काढली. गालावर हरभऱ्याएवढा निळा डाग. तसाच एक खाली पदरावर. हनुवटीवरही काहीतरी मळल्यासारखं दिसत होतं.

"हे काय झालं?" ती म्हणाली.

"मशीनचं आहे. तुम्ही बाजार करून या, तोवर मी बघते."

ती पूजेचं सामान आणायला गेली. मी सातपूरच्या दुरुस्तीवाल्या दादांना फोन लावला. ते दुसऱ्या कामावर अडकले होते. फोनवरच सांगतो म्हणाले.

"मॅडम, दोन डागांमधलं अंतर मोजा."

मी पट्टी घेतली. "साडेनऊ सेंटिमीटर."

"आता चारही रंगांचं एकेक पान वेगळं काढा. फक्त काळं, फक्त निळं, असं."

काळं, गुलाबी, पिवळं स्वच्छ आलं. निळ्या पानावर मात्र वरपासून खालपर्यंत त्याच अंतरावर ठिपके.

"निळ्याचा ड्रम," ते म्हणाले. "त्याच्यावर काहीतरी चिकटलंय. तो फिरतो, प्रत्येक फेरीला एक डाग उमटतो. स्टिकर छापले होते का?"

छापले होते. आदल्या दिवशी विंचूरकडच्या एका बेदाणेवाल्याचे. एक स्टिकर आत सुटला होता. तो मी चिमट्याने ओढून काढला होता आणि काम झालं असं समजले होते. आता ड्रम बाहेर काढला. उजेड लागू देऊ नका असं दादांनी बजावलं होतं, म्हणून अंगावरच्या ओढणीच्या आडोशाने बघितला. त्या गुळगुळीत नळीवर डिंकाचा एक बारीक ठिपका होता. कोरड्या मऊ कापडाने, जीव मुठीत धरून, हळूहळू पुसला.

पुन्हा प्रिंट काढली. गाल स्वच्छ! पदर स्वच्छ! पण हनुवटीवरचा तो मळ तसाच; नीट पाहिलं तर तीन ठिपके.

इथून माझं डोकं चालेनासं झालं. पट्टी लावली तर अंतर कशाशीच जुळेना. तिन्ही अगदी जवळजवळ, त्रिकोणात. ड्रम परत पुसला. कागद बदलला. रंग जुळवायची सेटिंग दोनदा चालवली; मशीन बराच वेळ घरघरलं आणि तेच ठिपके घेऊन पान बाहेर आलं. एक पान तर हिरवट आलं. ते का, हे मला आजही माहीत नाही. मी परत फोन केला.

"फोटो उलटा करून छापा," दादा म्हणाले. "डोकं खाली. डाग मशीनचा असेल तर कागदावर त्याच जागी राहील."

उलटा छापला. ठिपके हनुवटीबरोबर फिरले.

"मग मशीन बरोबर आहे, मॅडम. डाग तुमच्या फोटोतच आहे."

मला केवढं हायसं वाटलं. मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच मळकी असणार, एवढंच माझ्या मनात आलं. कॉम्प्युटरवर चेहरा मोठा केला आणि आजूबाजूची त्वचा घेऊन तिन्ही ठिपके एकेक करून मिटवले. नितळ हनुवटी. दहा प्रिंट काढल्या. एकीवरही डाग नाही. मी त्या टेबलावर नीट मांडून ठेवल्या.

ती परत आली. पहिला फोटो हातात घेतला, मग दुसरा.

"ताई, ही कोण?"

"तुमची आई ना? मघाचाच फोटो आहे."

"डोळे तिचेच हाय," ती म्हणाली. तिचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता बहुतेक. तिने मोबाइल उघडून शेजारी धरला. "गोंदण कुठं गेलं?"

ते ठिपके गोंदणाचे होते. माझा सगळा जन्म या गावात गेला. बाजारात भाजी घेताना गोंदलेल्या हनुवट्या मी शेकड्यांनी बघितल्या असतील. आणि सकाळभर मी त्यांच्यातल्याच एकीला पुसायला निघाले होते!

"मला तो डाग वाटला," मी म्हटलं. "मशीनचा. चुकलं माझं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसली आणि आपल्या कोऱ्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, "मला नाय गोंदू दिलं तिनं. शाळेत पोरी हसतील म्हणाली. मी लय रडले होते."

मी मूळ फोटो पुन्हा उघडला. आता ठिपके हवे होते, तर ते फिकट, राखाडी येत होते. दुपारपर्यंत जे घालवायला धडपडले, तेच आता नीट उमटेना. तिला शेजारी बसवून घेतलं.

"काळे होते का?"

"नाय. हिरवट. जुनं झालेलं ना."

"असे?"

"जरा कमी... हां, आता आई दिसली."

दहा प्रिंट निघाल्या. तिने एकेक बघून पाकिटात घातली. आधीच्या दहा मी फाडायला उचलल्या, तर तिने झटकन हात धरला.

"फाडू नका. तोंड तर तिचंच हाय ना. मी नेते."

"यांचं काय कराल?"

"ठाऊक नाय," ती म्हणाली.

दुसरं पाकीट दिलं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत होती. घोटाळा नको म्हणून तिने नाव लिहायला सांगितलं. मी पेन्सिलीने एकावर 'गोंदण' असं लिहिलं. दुसऱ्यावर काय लिहावं ते मलाही सुचेना आणि तिलाही. एसटीची वेळ झाली होती. ते पाकीट तसंच कोरं घेऊन ती निघाली.