पप्पांची चाकणची कंपनी

डिप्लोमा झाल्यावर नऊ महिने मी चाकणच्या गेटांवर फिरले. भोसरीहून बस, मग पायी. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडेटाच्या कॉप्या, मार्कशीट, दोन फोटो. बहुतेक ठिकाणी गेटवरचा सिक्युरिटीवालाच विचारायचा, "अनुभव किती?" नाही म्हटलं की कागद घेऊन मागच्या खोक्यात टाकायचा. खोकं भरलेलं असायचं. कुठे आत बोलावलंच, तर एचआरच्या मॅडम तेच विचारायच्या आणि "कळवतो" म्हणायच्या. एकदा मी न राहवून म्हणाले, "मॅडम, कुणी घेतलंच नाही तर अनुभव येणार कुठून?" त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या नंबरला हाक मारली.

घरी आले की आई काही विचारायची नाही. चेहऱ्यावरून तिला कळायचं. कधीतरी भाकरी थापता थापता म्हणायची, "तुझे पप्पा असते तर त्यांच्या कंपनीत शब्द टाकला असता."

पप्पा टूलरूमचे, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या खात्यातले कामगार. पिंपरीतली त्यांची जुनी कंपनी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. काही महिने ते घरीच होते, मग एक दिवस म्हणाले, चाकणला काम मिळालं. त्यानंतर रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि फर्स्ट शिफ्ट सुटते त्या वेळेला परत यायचे. जेवताना तिथलं सांगायचे. कॅन्टीनची उसळ, नवीन आलेलं मशीन, कोण कुणावर रुसलंय. वर्ष व्हायच्या आत ते हार्ट अटॅकने गेले. मयतीला जुन्या कंपनीतली माणसं आली. चाकणहून कुणीच आलं नाही. आई म्हणाली, नवी जागा, एवढ्यात कुठल्या ओळखी.

दहाव्या महिन्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत क्वालिटीच्या जागेसाठी मला बोलावलं. समोर पन्नाशीचे एक साहेब होते. त्यांनी बायोडेटा बाजूला ठेवला, टेबलावर एक मायक्रोमीटर आणि लोखंडी पिन ठेवली.

"माप घे."

मी आधी कागदाच्या तुकड्याने त्याची दोन्ही तोंडं पुसली. पिन धरली, टोकाची कळ हळूहळू फिरवली, कान जवळ नेला आणि थांबले. माप सांगितलं.

"बरोबर. पण कान का लावलास?"

"तीन वेळा टक आवाज आला की थांबायचं, सर. जास्त दाबलं की माप खोटं येतं."

"कुठं शिकलीस हे?"

"घरी. पप्पांनी शिकवलं. वहीचा कागद, माझा केस, काय मिळेल ते मोजायला लावायचे."

त्यांनी पप्पांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मलाही त्यांनीच शिकवलं," ते म्हणाले. "जुन्या कंपनीत लागलो तेव्हा मला नीट उभं राहतासुद्धा येत नव्हतं मशीनसमोर."

मला इतका आनंद झाला की मी बोलतच सुटले. म्हटलं, शेवटी तेही चाकणलाच होते, सर. कुठल्या कंपनीत, त्यांनी विचारलं. पप्पा सांगायचे ते नाव मी सांगितलं.

"या नावाची कंपनी इथं नाही, बेटा."

मग ते खिडकीकडे बघायला लागले. तिकडेच बघत म्हणाले, "ते इथं आले होते. तू बसलीयस त्याच खुर्चीत बसले होते. वरून आदेश होता, पंचेचाळिशीच्या वरचं कुणी घ्यायचं नाही. मी त्यांना नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, मग या एवढ्या अनुभवाचं मी करू काय? पुढे रोज समोरच्या टपरीवर दिसायचे. मी मागच्या गेटने यायला लागलो."

पगार म्हणून आईच्या हातात ते जे ठेवायचे, ते जुन्या कंपनीने शेवटी दिलेल्या पैशातलं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. मला त्या खुर्चीतून उठायचं होतं.

"सोमवारपासून ये," साहेब म्हणाले.

"सर, पप्पांमुळे घेताय का मला?"

"माप बरोबर घेतलंस म्हणून." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नोकरी मला हवी होती. मी गेले. पहिल्या आठवड्यात एका दुपारी टपरीवर जाऊन मोबाइलमधला पप्पांचा फोटो दाखवला. टपरीवाल्या मावशींनी फोन लांब धरून पाहिला.

"व्हय, हे तर रोज यायचे. या बाकावर बसून डबा खायचे. मला बी भाजी द्यायचे. शिफ्ट सुटून पोरं बाहेर पडली की त्यांच्यातच मिसळून बस धराया जायचे. कंपनीत न्हवते व्हय ते?"

चहा तसाच ठेवून आत आले. आजही सुट्टी झाल्यावर गेटबाहेरच्या गर्दीत एखादा पाठमोरा माणूस, हातात डब्याची पिशवी घेतलेला, दिसला की मी त्याच्या मागे दहा पावलं जाते. तो वळला की थांबते.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पहिला पगार दिला त्या दिवशी तिने विचारलं, "त्यांची कंपनी तुझ्या वाटेवर लागते का गं?"

"लागते," मी म्हणाले.

"आठवण काढतात का कुणी?"

"काढतात."

तेव्हापासून ती अधूनमधून विचारते आणि मी तिला नवीन काहीतरी सांगते. कुणीतरी रिटायर झालं, कॅन्टीनला रंग दिला. ती मन लावून ऐकते. कधी कधी वाटतं, तिला सगळं माहीत आहे. पप्पा सांगायचे तेव्हाही ती अशीच ऐकायची.