बाजारचे सरगुंडे

रोहण्यात सुलोचनासारखे सरगुंडे कोणालाच जमत नाहीत, असं सगळं गाव म्हणायचं आणि सुलोचनाही ते खुशाल ऐकून घ्यायची. खोटं कशाला बोला! कणकेची बारीक दोरी वळायची, काडीवर गुंडाळायची, अलगद ओढून काढून उन्हात वाळवायची. लेक-जावई उन्हाळ्यात आले की ते उकडून आमरसासोबत वाढायचे.

मागच्या साली जावयानं, रोशननं, तिला मोबाइलवर इटलीतली एक म्हातारी दाखवली होती. तीही लोखंडी तारेवर कणीक गुंडाळत बसली होती. पास्त्याचा तो पीळदार आकार असाच बायांच्या हातून झाला म्हणे.

"अगं बाई, ही तं माहीच बहीण!" सुलोचना तेव्हा पोट धरून हसली होती.

यंदा कुठलं हसू! होळीपासून तिचा उजवा हात थरथरायला लागला. कणीक काडीवर टिकेना, तुटून पडे. नवरा, नत्थू, गेल्यापासून ती एकटीच राहायची आणि लेकीनं, मयुरीनं, तेव्हाच बजावलं होतं, "आई, तुले जरा काही झालं ना, तं घराले कुलूप. सरळ आमच्याकडे नागपूरले चालजो."

अंगण, शेजारपाजार सोडून तिथं चौथ्या माळ्यावर काय भिंतींशी बोलायचं?

मग तिला ती इटलीची म्हातारी आठवली. आर्वीच्या दुकानातून पीळदार पास्ता आणला आणि रिकामं पाकीट चुलीत घातलं.

लेक-जावई आले. सुलोचनानं उजवा हात पदराखाली धरला नि डाव्यानं वाढलं. "पोळलं थोडं," म्हणाली.

रोशननं दोनदा मागून घेतलं. मयुरीनं एक सरगुंडा उचलून निरखून पाहिला. सुलोचनाचा जीव टांगणीला लागला.

"आई, यंदा तं कमालच केली तू! एकूणएक सारखे. दरसाल कसे वाकडेतिकडे राह्यत."

सुटले बाई एकदाची, असं वाटायला हवं होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर वळले ते वाकडेतिकडे? आणि यंत्रानं काढलेले हे, कमाल?

"बाजारचे हायेत ते," ती फाडकन बोलली. "पाकिटातले. माहे नोहेत."

"मंग तू काऊन नाई वळले?"

सुलोचनानं पदर बाजूला केला नि हात ताटाशी टेकवला. रसाची वाटी खडखड वाजायला लागली. मयुरीला रडूच फुटलं.

दोन-तीन दिवसांनी मयुरीनं घराला कुलूप लावलं. गाडीत बसल्यावर सुलोचना म्हणाली, "सरगुंड्याची काडी राह्यली चुलीमागं."

रोशन लगेच उतरायला लागला.

"राहू द्या, जावईबापू," ती म्हणाली. "तिथं काय करू मी तिचं?"