कर्त्या पुरुषाची दवंडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोटच्या मुलीलाही नाही. आज सांगते आहे, कारण — जाऊ द्या, कारण शोधत बसले तर परत गप्प बसेन.

गडचिरोली जिल्हा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी कचेरीत टायपिस्ट. नवरा वारलेला, घर माझ्या पगारावर चालायचं, आणि रेशनकार्ड मात्र दिराच्या नावावर — कुटुंबप्रमुख पुरुषच लागतो म्हणून. साखर आणायची तर त्याच्या दारात उभं राहायचं. हे मुद्दाम सांगते. मला कळत नव्हतं, असं समजू नका.

मंदा माझ्या कितीतरी मागून कचेरीत लागलेली, कारकून म्हणून. बेघर कुटुंबांना घरासाठी सरकारी जागा वाटायच्या होत्या, त्याची नोटीस साहेबांनी तिला लिहायला दिली. जुन्या नमुन्यात असायचं, 'कुटुंबातील कर्त्या पुरुषाने हजर राहावे.' तिनं साहेबांना सुचवलं — घर चालवणारी बाई असो की पुरुष, त्या व्यक्तीने स्वतः यावे, असं लिहू या का? साहेब खूश. "असंच लिहा," म्हणाले. तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मी कागद घेऊन दाराशी उभी. इतक्या वर्षांत मला कुणी बस म्हटलं होतं? नुसता जळफळाट झाला माझा. आणि खरं सांगू? तो चहाचा नव्हता. दिराच्या दारात उभी राहत होते मी — आणि सुचलं तिला!

तिनं लिहून दिलेलं मी स्टेन्सिलवर टाइप करायला घेतलं. बोटं जुन्या वाक्यावर गेली. सवयीनं? नाही. मी थांबले, वाचलं, आणि तसंच राहू दिलं. मंदाचा कागद चहाच्या शेगडीत घातला. साहेबांनी भरवशावर सही केली.

कोतवालांनी गावोगाव दवंडी पिटली, कागदात होतं तशीच. वाटपाला पुरुष आले, जागा संपल्या. मग एक दिवस शेवंताबाई आली — विधवा, दोन पोरी घेऊन भावाच्या गोठ्यात राहणारी. म्हणाली, "दवंडीत पुरुष म्हनला ना बाई. मंग मी कायले येऊ?"

साहेबांनी नोटीस मागवली आणि सगळ्यांदेखत मंदाला झापलं. सुचवायला पुढे, लिहायला मात्र विसरलात, म्हणाले. ती माझ्याकडे आली. "ताई, मी लिवलं होतं असं वाटते मले. का सुटलं माह्याकडून?"

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणाले, "सुटलं असन. होते असं."

तिनं शेवंताबाईचे हात धरून माफी मागितली. माझ्यासमोर. शेवंताबाई गोठ्यातच राहिली.

त्यानंतर मंदानं कुठल्याच नोटिशीत स्वतःचा शब्द घातला नाही. जुना नमुना पुढ्यात ठेवून उतरवायची, आणि मला दाखवायची. "ताई, बराबर हाये ना?"

'कर्त्या पुरुषाने' जिथल्या तिथं असायचं. मी हो म्हणायची.