देवीच्या मापाची फिल्म

देवीवर मी रागावले होते, हे आधीच कबूल करते. नुसती रागावले नव्हते, तिचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं होतं. पुढे जे घडलं ते त्या रागातूनच घडलं, त्यामुळे ते लपवून चालणार नाही.

आमचे हे अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत फिटर आहेत. गेल्या वर्षी काम करता करता यांचा उजवा हात झटके देऊ लागला आणि तोंडातून शब्द फुटेना. दहा मिनिटांत सगळं ओसरलं, पण उल्हासनगरला एमआरआय काढला तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. सर्जन म्हणाले, ट्यूमरच दिसतोय, कवटी उघडून काढावा लागेल. वाचेची जागा शेजारीच आहे, तेव्हा बोलणं जाऊ शकतं. आमचे हे भलतेच बोलघेवडे. बदलापूर स्टेशनवरून शिरगावच्या घरी पोचायला यांना तासभर लागतो, कारण वाटेतल्या प्रत्येकाची चौकशी करायची असते. या माणसाची वाचा गेली तर तो जगेल कसा, हा एकच विचार मला पोखरत होता. ऑपरेशनला आठ दिवस उरले होते.

रिपोर्ट आणायला सेंटरवर गेले, तर मशीन चालवणाऱ्या सिंधी भाऊंनी मला हाक मारून थांबवलं. ओळख ना पाळख, पण ते बाहेर येऊन माझ्याशी बोलले. एवढी मोठी गाठ आहे, पण आजूबाजूचा मेंदू दाबला गेलेला नाही, सूजही फारशी नाही, आणि गाठीतून बारीक रेघा आत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीकडे गेल्यात, असं काहीबाही त्यांनी समजावलं. मग म्हणाले, "ताई, रिपोर्टवाल्या डॉक्टर मॅडमला पण डाउट आहे, ट्यूमर नसेल. डोक्याचा कोई पुराना फोटो आहे काय? मिला तो लगेच घेऊन या."

फोटो होता. सात वर्षांपूर्वी हे बाइकवरून पडले होते, तेव्हा सीटी स्कॅन झाला होता. त्यातही एक पांढरा डाग दिसला होता. हा पडल्यामुळे झालेला नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा, असं सांगितलं होतं आणि आम्ही काही दाखवलं नाही. ते सेंटर आता बंद पडलंय आणि आम्हीही बेलवलीचं घर सोडून शिरगावला आलोय. माळा, पेट्या, दिवाणाच्या आतलं सामान, मी सगळं उपसलं. तीन दिवस शोधून कागदाचा कपटा मिळाला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पूजेला बसले आणि माझा संयम सुटला. सासूबाईंकडून आलेली, काचेच्या फ्रेममधली गावदेवीची ती तसबीर. तिला म्हटलं, "एवढी वर्षं तुझं केलं, आणि तुला एक फोटो सापडू देता येत नाही? मग बघूच नकोस माझ्याकडे." आणि फ्रेम उचलून उलटी ठेवली.

फ्रेमची पाठ माझ्यासमोर आली. मागचा पुठ्ठा ओलीने फाटला होता आणि फटीतून काळंनिळं, चकचकीत काहीतरी दिसत होतं. मी पुठ्ठा ओरबाडला. आत रांगेने डोक्याचे फोटो आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात यांचं नाव. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की हे दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून आले. बघून म्हणाले, "अगं, बेलवलीच्या भिंतीला ओल यायची ना, म्हणून मीच ही फिल्म मागे घातली असणार. प्लास्टिक चांगलं होतं." हसावं की रडावं तेच कळेना. देवीला सरळ केलं, तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि तशीच यांना घेऊन रिक्षात बसले.

रिक्षात लक्षात आलं की यांनी ती फिल्म फ्रेमच्या मापाने दोन बाजूंनी कापली होती. खालची अख्खी रांग गायब होती. नेमका तोच फोटो कचऱ्यात गेला असेल तर? उल्हासनगर येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मॅडमनी फिल्म दिव्यावर लावली आणि एकेका फोटोवरून बोट फिरवत खाली आल्या. उरलेल्या शेवटच्या रांगेत, कात्रीच्या अगदी काठावर, तो डाग पूर्ण होता. यांचा साधा सीटी तिथल्या तिथे काढून त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, मापं घेतली, पुन्हा घेतली आणि माझ्याकडे वळल्या.

"सात वर्षांत ही वाढलेली नाही," त्या म्हणाल्या. "कवटी उघडायची घाई नको. मी सरांशी बोलते."

सर्जननी दोन्ही फोटो पाहिले आणि मोठं ऑपरेशन थांबवून बारीक सुईने तुकडा काढायचं ठरवलं. तपासणीत कळलं की तो कॅन्सर नाही. शरीरातलंच एक प्रथिन एका जागी साचून त्याचा गोळा झालाय. अमायलॉइड म्हणतात त्याला, आणि मेंदूत असा गोळा फार क्वचित सापडतो. बाकीचं शरीरही तपासलं, कुठे काही नव्हतं. फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू आहेत, आणि दरवर्षी फोटो काढायचा. सुईनंतर शुद्धीवर येताच नर्सने यांना नाव विचारलं. यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि उलट तिलाच विचारलं, तुम्ही कुठल्या? मी पडद्याआड उभी राहून रडले.

याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी भक्तीने हात जोडले तेव्हा काही मिळालं नाही आणि पाठ फिरवली तेव्हा मिळालं, याची मात्र लाज वाटते आणि आनंदही होतो. माझा रागसुद्धा तिने वाया जाऊ दिला नाही. त्या दिवसांत मी तिच्याकडे रोज मागत होते, ती गाठ काढून टाक. ते तिने ऐकलं नाही. गाठ आजही यांच्या डोक्यात जिथल्या तिथे आहे, आणि हे आत्ता दारात उभे राहून दूधवाल्याशी गप्पा मारतायत.